सटवाजी सरांचे अकरा सेकंद

मित्रांनो, भिंतीवरच्या घड्याळाला कोणीही उठून विचारतो, 'किती वाजले?' आणि ते बिचारे दिवसभर सांगत बसते. मी तसला नोकर नाही. मी एक जुने स्टॉपवॉच आहे. पोलादी अंग, पांढरी तबकडी आणि डोक्यावर एक बटण. एकदा दाबले की माझा काटा सुटतो, दुसऱ्यांदा दाबले की थांबतो, तिसऱ्यांदा दाबले की शून्यावर येतो. किती वाजले याच्याशी मला देणेघेणे नाही. तुम्हाला किती वेळ लागला एवढेच मी सांगतो, आणि नेमके तेच तुम्हाला ऐकवत नाही.

चाळीस वर्षे मी माणसांच्या तळहातावर काढली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की माणूस पळतो थोडे आणि पळाल्याचे सांगतो फार. तुम्ही लहान आहात म्हणून तुम्हाला सूट मिळेल असे समजू नका. शंभर मीटर पळून आलेला तुमच्यातला प्रत्येक जण धापा टाकत म्हणतो, 'बटण उशिरा दाबलं!' इतक्या वर्षांत लवकर दाबल्याची तक्रार घेऊन एकही पोरगा माझ्याकडे आलेला नाही.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून हैदराबादच्या एका दुकानात आलो आणि तिथून शेषेराव मास्तरांनी मला रुमालात गुंडाळून एसटीने आपल्या गावी आणले. किल्लारीच्या शेजारचे ते खेडे. मास्तर शाळेत कवायत शिकवत. शाळेला मैदान नव्हते, म्हणून गावाबाहेरच्या रस्त्यावर विजेचे खांब होते तेच त्यांचे मैदान. तीन खांब जोरात पळायचे, दोन खांब रमतगमत यायचे, पुन्हा तीन खांब जोरात. तुम्ही आज ज्याला ऐटीत इंटरव्हल म्हणता ते हेच.

पोरे पहिल्या तीन खांबांना जीव खाऊन पळत आणि चौथ्या वेळी रस्त्याच्या कडेला बसत. मास्तर कधी रागावले नाहीत. "दम पळताना वाढत न्हाई रे बाळांनो," ते म्हणत, "दोन खांब हळू येता ना, तवा वाढतो." पोरे मान डोलावत आणि पुन्हा तेच करत. मला त्या पोरांचा तिटकारा होता आणि मास्तरांच्या सोशिकपणाचे नवल वाटे. असा माणूस मला नंतर भेटला नाही.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जन करून गाव झोपले आणि पहाटेच्या आधी जमीन हलली. पाऊण मिनिटही लागले नसेल. मी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होतो. भिंती मातीच्या आणि दगडांच्या होत्या, त्या मास्तरांवर आल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा काळ तो, आणि त्या वेळी माझे बटण कोणी दाबलेले नव्हते. पाचव्या दिवशी मला ढिगाऱ्यातून काढले. त्यानंतर पडलेले गाव बघायला गाड्या भरभरून लोक आले. त्यांनी मास्तरांच्या घराच्या दगडांवर उभे राहून फोटो काढून घेतले. माणसांबद्दल माझे मत तिथेच पक्के झाले, मित्रांनो, आणि ते तुम्हाला आवडावे अशी माझी मुळीच अपेक्षा नाही.

मास्तरांच्या पत्नी सिद्धम्मा मला लातूरला गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या घड्याळजीकडे घेऊन आल्या. त्या घड्याळजीचे नाव रियाज. त्याने माझे वाकलेले बटण सरळ केले, काच बदलली, पोटातली माती फुंकून काढली. सिद्धम्मांनी मला हातात घेतले, थोडा वेळ पाहिले आणि परत काउंटरवर ठेवले. "ऱ्हाऊ द्या भाऊ तुमच्यापाशीच," त्या म्हणाल्या. "आता मी कोणाला पळवू?"

पुढची कित्येक वर्षे मी रियाजच्या काचेच्या कपाटात होतो. गिऱ्हाइके विचारत, तो विकत नसे. मला विकण्याजोगा समजत नव्हता, यावरून माणसाला थोडी अक्कल होती असे दिसते. शेवटी त्याच्या मुलीने, गौसियाने मला मागून घेतले. ती जिल्ह्याच्या शर्यतीत धावून आली होती. "ये रखने की चीज नै, बेटा," रियाज तिला म्हणाला. "इसकू चलाने का." पुढे गौसिया मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि मी पुन्हा कामाला लागलो.

एव्हाना लातूरला क्लासचे पीक आले होते. डाळमिलच्या शेजारी क्लास, क्लासच्या शेजारी मेस, मेसच्या डोक्यावर होस्टेल. सकाळी सहाला पोरांच्या सायकलींनी रस्ते भरायचे आणि संध्याकाळी त्याच पोरांचे चेहरे वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लोंबायचे. या गर्दीत रसायनशास्त्राचे सटवाजी सर म्हणजे मोठे प्रस्थ. हदगावकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पत्र्याच्या शेडमध्ये वीस पोरे घेऊन बसला होता, आता त्याची चार मजली इमारत झाली होती. शिकवायचा चांगला, हे मी नाकारत नाही. मार्कांप्रमाणे पोरे वेगळी करायचा. ए बॅच पंख्याखाली बसायची आणि एफ बॅच गच्चीवरच्या पत्र्याखाली.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सरांना मॅरेथॉनची हौस आली. नांदेडला एक मंडळ दरवर्षी मॅरेथॉन भरवायचे, तिथे ते बेचाळीस किलोमीटर पळून आले. लागले पाच तास दहा मिनिटे. वर्गात सांगितले साडेचार. टाळ्या पडल्या आणि टाळ्यांच्या भरात सर बोलून गेले, "पुढच्या साली चार तासांच्या आत! जिद्द काय असते ते दाखवतो." सहाशे पोरांनी ते ऐकले.

आता गौसियाचे ऐका. शहराच्या कडेला चार एकरांची एक पडीक जागा होती. तिने टेप लावून चारशे मीटरची फेरी मोजली होती आणि चुन्याच्या फक्कीने आखली होती. रोज सकाळी चौदा मुली तिथे पळत. रस्त्यावर पळायची त्यांना घरून परवानगी नव्हती. कोणी गाडीवरून शेरे मारी, कोणाचे काका पाहत. इथे झाडीआड कोणाचा त्रास नव्हता. आणि हीच जागा सटवाजी सरांनी होस्टेलसाठी विकत घेतली.

गौसिया त्यांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा मी तिच्या पर्समध्ये होतो.

"सर, मुलींना दुसरी जागा न्हाई," ती म्हणाली. "सकाळी आठपर्यंत फक्त. होस्टेल मागच्या दोन एकरांत बसतंय, मी मोजलंय."

सरांनी विचार केला. "मॅडम, तुम्ही म्हणे पळायला शिकवता. मला चार तासांच्या आत आणा. आणलं तर पुढची जागा सकाळी आठपर्यंत पोरींची, माझा शब्द. एक सेकंद बी वर गेला तर सगळ्या चार एकरांवर होस्टेल."

"बटण मी दाबणार," गौसिया म्हणाली.

"हाव, दाबा की. तुमच्यावर भरवसा हाय माझा."

गौसियाने सोळा आठवड्यांचे वेळापत्रक एका कागदावर लिहून दिले. दर मंगळवारी इंटरव्हल. मैदानाच्या दोन फेऱ्या चार मिनिटांत पळायच्या, मग चार मिनिटे सावकाश चालत-पळत दम घ्यायचा. हा एक राउंड. सुरुवातीला चार राउंड, मग हळूहळू वाढवत शेवटी दहा. दहाचे दहा चार-चार मिनिटांत आले की चार तासांत बेचाळीस किलोमीटरची आशा धरायची. मध्ये दोन दिवस हलके पळणे, रविवारी लांबचे पळणे, बाकी आराम. इतके सोपे होते. शेषेराव मास्तरांच्या सगळ्यात मठ्ठ पोरालाही कळले असते.

सर म्हणाले, "घड्याळ माझ्यापाशी राहू द्या मॅडम, सवय होईल." गौसियाने भोळेपणाने मला दिले आणि माझे हाल सुरू झाले. मुली घरी गेल्या की सर एकटेच मैदानावर उतरत.

पहिल्याच दिवशी गडी तीन मिनिटे वीस सेकंदांत दोन फेऱ्या मारून आला आणि माझ्याकडे असा पाहू लागला की मी उठून टाळ्या वाजवाव्यात. चौथ्या राउंडला त्याला सव्वापाच मिनिटे लागली. पहिल्याला शूर आणि शेवटच्याला गार, अशा माणसाला आमच्या धंद्यात काडीची किंमत नसते. आणि ती विश्रांतीची चार मिनिटे! त्यांच्या क्लासच्या वेळापत्रकात मधली सुट्टी हा प्रकारच नव्हता. चार मिनिटे रिकामे राहायचे म्हणजे त्यांना पाप वाटे. त्या वेळात ते फोनवर पोरांच्या शंका सोडवत, पालकांना झापत. मग चाराची तीन मिनिटे केली आणि तिनाची दीड.

एवढ्यावर भागले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण एके सकाळी त्यांनी तो कागद काढला, हातात लाल पेन घेतले आणि पुढच्या मंगळवारचे राउंड आजच पळून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या मंगळवारचे. पळून झाले की कागदावर टिक. मित्रांनो, लातुरात दिवाळीच्या आत पोर्शन संपवायचा आणि मग परीक्षेपर्यंत रिव्हिजन करत बसायचे, ही क्लासवाल्यांची मोठी फुशारकी. या शहाण्याने मॅरेथॉनचाही पोर्शन संपवायला घेतला. सोळा आठवड्यांचे पळणे त्याने नऊ आठवड्यांत उरकले. मी इतकी वर्षे आळशी पाहिले, लबाड पाहिले, पण पळण्याचा सिलॅबस आधी संपवणारा गाढव पहिल्यांदाच पाहिला.

दहाव्या मंगळवारी सर लंगडत मैदानावर आले. पोटरी दगडासारखी झाली होती. चेहऱ्यावर मात्र बोर्डात पोरगा आल्याचा आनंद.

"मॅडम, सगळं झालं," त्यांनी कागद पुढे केला. "रोज एक्स्ट्रा करून राहिलो होतो, तुम्हाला सांगितलं न्हाई. आता सात आठवडे नुसती रिव्हिजन."

गौसियाने त्या लाल टिका पाहिल्या. तिच्या चौदा मुली पलीकडे पळत होत्या.

"सर, पायाला पोर्शन कळत न्हाई," ती म्हणाली. "त्याला आजचं आज द्यावं लागतंय आणि उद्याचं उद्या. तुम्ही माझं मैदान घालवलं."

"अजून सात आठवडे हायेत की."

"दोन आठवडे पळायचं न्हाई. एक पाऊल बी न्हाई. त्यानंतर पुढं सुकन्या पळेल आणि तुम्ही तिच्या मागं. तिच्या पुढं गेलात की तो राउंड बाद. आणि घड्याळ द्या इकडं."

सर सुकन्याकडे बघत राहिले. चौदा मुलींमधली ही मुरुडची मुलगी त्यांच्याच क्लासमध्ये होती, बारावी दुसऱ्यांदा देत होती आणि बसत होती एफ बॅचमध्ये. तिच्या वडिलांना बोलावून सरांनीच सांगितले होते, 'हिचं पळणं बंद करा, डोकं पायात गेलंय हिचं.' आता या मुलीच्या पाठीमागे त्यांना पळायचे होते.

मला त्या पाच आठवड्यांइतकी मजा कधी आली नाही. सुकन्या प्रत्येक राउंड तीन मिनिटे अठ्ठावन्न सेकंदांत पळायची. पहिला, पाचवा, आठवा, सगळे सारखे. मधली चार मिनिटे ती गवतावरून हात हलवत चालायची, जणू बाजाराला निघाली आहे. सर पहिल्या फेरीला तिला ओलांडायला धडपडत आणि गौसिया ओरडे, "बाद!" पहिल्या मंगळवारी तीन राउंड बाद झाले. दुसऱ्या मंगळवारी एक. विश्रांतीत फोन वाजला तर तो सुकन्या उचलायची आणि सांगायची, "सर चालून राहिलेत, नंतर करा." चौथ्या मंगळवारी सरांचे आठ राउंड चार मिनिटांच्या आत आले. पाचव्या मंगळवारी ते खाली वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि सुकन्याला म्हणाले, "तुला एवढं सारखं पळायला कसं जमतं गं?"

"सर, मला पुढं जायची घाईच न्हाई," ती म्हणाली. सरांना ते पटले असावे असे मला क्षणभर वाटले. ती माझी चूक होती.

डिसेंबरात नांदेडची मॅरेथॉन झाली. माझा लहान काटा तीस मिनिटेच मोजतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून गौसिया शेवटच्या रेषेपाशी उभी राहून दर अर्ध्या तासाला पेनाने तळहातावर एक रेघ ओढत होती. चौदा मुली तिच्यामागे उभ्या. सात रेघा झाल्या. आठवी व्हायला मिनिटभर उरले असताना सटवाजी सर वळणावर दिसले. पाय उचलत होते, श्वास नीट होता. आरामात पोचणार होते. सुकन्या उड्या मारू लागली.

आणि रेषेच्या शंभर पावले अलीकडे ए बॅचचे चार पालक रस्त्यावर आले. हातात झेंडूचा हार, सोबत फोटोवाला. आमच्या भागात हार पुढे आला आणि मान वाकली नाही, असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. सर थांबले. हार घातला. फोटोवाला म्हणाला, "सर, हात वर करा." सरांनी हात वर केला. फोटोवाल्याला तो पसंत पडला नाही, त्यांनी पुन्हा केला. गौसिया इतक्या जोरात ओरडली की तिचा आवाज फाटला. माझा काटा काही थांबला नाही. तो थांबत नसतोच. सर रेषेवर आले तेव्हा गौसियाने बटण दाबले, एक निमिषही आधी नाही आणि एक निमिषही नंतर नाही.

"किती?" सरांनी विचारले.

सर्टिफिकेटवर वेळ लिहीत नव्हते, नुसते 'पूर्ण केली' एवढेच. सरांच्या मनगटावर घड्याळ नव्हते. गौसियाने तीन एकोणसाठ म्हटले असते तर कोण विचारणार होते? तिने माझ्याकडे पाहिले, मग मुलींकडे पाहिले.

"चार तास अकरा सेकंद," ती म्हणाली.

सर गळ्यातला हार सावरत म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द, मॅडम. मला बी वाईट वाटून राहिलंय." गौसियाने मला शून्यावर आणले नाही. अकरावर थांबलेला काटा घेऊन मी तिच्या पर्समध्ये पडून राहिलो. खरे सांगितले की असे होते, मित्रांनो. तुमच्या पुस्तकात हे नसेल.

चार दिवसांनी मैदानावर कुंपणाचे खड्डे खणले गेले. त्याच सकाळी सुकन्या धावत आली.

"मॅडम, चौकात चला. बॅनर बघा."

चौकात वीस फुटी बॅनर होते. हात वर केलेले सर, गळ्यात झेंडू आणि खाली ठळक अक्षरांत, 'बेचाळीस किलोमीटर! तीन तास एकोणसाठ मिनिटे! जिद्दीचे दुसरे नाव सटवाजी सर!' जगासाठी हा गृहस्थ चार तासांच्या आत पळाला होता आणि चौदा मुलींसाठी अकरा सेकंद उशिरा. मला वाटले होते की माणसाच्या कोडगेपणाचा तळ मी पाहिला आहे. तळाखाली तळघर होते.

गौसिया बॅनरकडे बघत राहिली आणि हसायला लागली. "सरांचा सत्कार करायला पाहिजे," ती म्हणाली.

रविवारी क्लासमध्ये पालक मेळावा होता. सहाशे पोरे, तेवढेच पालक. गौसिया चौदा मुलींना घेऊन शाल आणि नारळ हातात धरून स्टेजवर चढली. सत्काराला आलेल्याला आमच्याकडे कोणी अडवत नाही. तिने शाल पांघरली, नारळ दिला आणि माइक घेतला.

"सरांनी शब्द दिला होता," ती म्हणाली. "चार तासांच्या आत पळालो तर मैदान सकाळी आठपर्यंत मुलींचं. सर तीन एकोणसाठला पळाले, सगळ्या लातूरनं बॅनरवर वाचलं. मुलींच्या वतीनं आभार मानायला आलो आम्ही."

टाळ्या थांबेनात. सर तिच्या कानाशी वाकले. शाल खांद्यावरून घसरत होती.

"मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही? घड्याळात काय हाय ते तुम्हाला ठाऊक हाय."

गौसियाने पर्सवर हात ठेवला. "घड्याळ आणलंय, सर. काढू का बाहेर? माइकवर सांगते."

मी काटा अकरावर धरून वाट पाहत होतो. इतक्या वर्षांत एवढ्या माणसांसमोर खरे बोलायची संधी मला मिळाली नव्हती. काढ, मी मनात म्हणालो, काढ मला बाहेर. सरांनी समोरच्या पालकांकडे पाहिले, पहिल्या रांगेतल्या ए बॅचकडे पाहिले. मग माइक घेतला आणि म्हणाले, "मैदान मुलींचं. कायमचं." पर्सची चेन उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा मुली फक्कीच्या रेषेवर उभ्या होत्या. गौसियाने मला बाहेर काढले. चार तास अकरा सेकंदांचा एकुलता एक पुरावा माझ्या तबकडीवर होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि बटण दाबले. काटा शून्यावर गेला. मला फार राग आला. सुकन्या म्हणाली, "मॅडम, सोडा की," आणि मुली सुटल्या.

तेव्हा मित्रांनो, मला सांभाळा. दमट जागी ठेवू नका, किल्ली शेवटपर्यंत पिळू नका, आणि राउंडमधली विश्रांतीची मिनिटेही माझ्यावर मोजत जा, तीही पळण्याचीच असतात. तुमची वेळ दुसऱ्याला सांगाल तेव्हा आधी माझ्याकडे बघून सांगा. मी त्या दिवशी पर्समध्ये गप्प राहिलो तो चौदा मुलींसाठी. तुमच्यासाठी गप्प राहीन, या भ्रमात राहू नका.